आई गेली तेव्हा मी वेल्स बघत होते

माझी आई रत्नागिरीत गेली तेव्हा मी वेल्समध्ये एका कुत्र्याच्या थडग्यापाशी उभी राहून रडत होते. आईसाठी नाही, कुत्र्यासाठी. त्याचा फोटो आहे. नाक लाल झालेलं, हातात कागदी रुमालाचा बोळा, मागे हिरवंगार कुरण आणि त्यात मेंढ्या. फोटो माझ्या नवऱ्याने काढला. काढताना त्याला माहीत होतं की माझी आई गेली आहे. "जरा उजवीकडे सरक, झाड येतंय मध्ये," असंही तो म्हणाला होता.

नवरा म्हटलं ते एकदाच. इथून पुढे 'हे' म्हणेन. तीस वर्षांची सवय आहे, त्यात आदर किती उरलाय ते विचारू नका.

त्या चार दिवसांच्या फोटोंचा मुलीने छान अल्बम छापून पाठवला. ह्यांनी तो आमच्या कुवैतमधल्या सालमियाच्या फ्लॅटमध्ये टीपॉयवर ठेवलाय. येणारा-जाणारा उघडतो आणि म्हणतो, "वा वहिनी, काय सुंदर ट्रिप!" मी चहा टाकायला आत जाते.

मुलगी आमची एकुलती एक. कुवैतमध्ये जन्मली, इथेच शाळा झाली, मग फार्मसी शिकायला कार्डिफला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. दोन वर्षं तिचं टुमणं चालू होतं, की एकदा या, मी तुम्हाला गाडीने वेल्स फिरवते. मी इथल्या एका भारतीय शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. मागच्या जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली, इंग्लंडचा व्हिसा एकदाचा हातात पडला, आणि नेमकी तेव्हाच रत्नागिरीला आईला धाप लागायला लागली.

आई ऐंशी ओलांडलेली. माझा थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याकडे असायची. आठवडाभर हॉस्पिटलात काढून घरी आली ती ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. मी म्हटलं, वेल्स राहू दे, मी रत्नागिरीला जाते. झालं! घरात सभाच भरली. भाऊ फोनवर म्हणाला, आई आता बरी आहे, तू उगाच धावू नको. मुलगी म्हणाली, मी रजा टाकलीये. आणि हे, उंटावरचे शहाणे, दोन हजार मैलांवरून निदान करून मोकळे: "डॉक्टरांनी घरी सोडलंय म्हणजे धोका नाही."

शेवटी आईच म्हणाली, "जा गो. मी खय पळून जातंय? नात काय काय दाखवते ते बघ, नि रोज फोन करून मला सांग. मलापण फिरल्यासारखं वाटेल."

म्हणून मी गेले. मला तिथल्या किल्ल्यांचं काही पडलेलं नव्हतं. मला रोज आईला काहीतरी सांगायचं होतं, एवढंच काम मी माझ्यापुरतं लावून घेतलं होतं.

आता ह्यांच्या नोकरीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे फहाहीलच्या बाजूला एका कंत्राटदार कंपनीत आहेत. आता ऍडमिन मॅनेजर, पण बरीच वर्षं कॅम्प बॉस होते, म्हणजे कामगारांच्या राहण्या-खाण्यापासून आजारपणापर्यंत सगळं ह्यांच्या गळ्यात. कोकणातल्या खेड्यांतले पुष्कळ जण तिथे असतात. फिटर, वेल्डर, सुतार, बायकापोरं गावी ठेवून आलेले. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी मयत झाली, की घरचे त्याला फोन करत नाहीत. ह्यांना करतात. "साहेब, त्याचा बाप गेला. पण आत्ता सांगू नका, एकटा आहे, डोक्यात काहीतरी घेईल. तिकीट झालं की सांगा."

मग हे रजा मंजूर करून घेतात, तिकीट काढतात, विमानतळावर सोडायला गाडी ठरवतात. तोवर तो बिचारा कामावर जातो, जेवतो, पत्ते कुटतो. सगळी तयारी झाली की हे त्याला ऑफिसात बोलावतात. त्याच्या गावचे दोघंजण आधीच आणून बसवलेले असतात. मग चहा, चांगला गोड. चहा संपला की सांगायचं. आधी सांगितलं तर माणूस दोन दिवस पोटात काही घेत नाही, असा ह्यांचा अनुभव. जेवताना कितीदा तरी ह्यांनी मला असले प्रसंग सांगितलेत आणि आमटी वाढता वाढता मी म्हटलंय, "अरेरे." लोक ह्यांना दुवा देतात. ही काही ह्यांची एकट्याची रीत नव्हे. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांना आई-बाप गेल्याचं मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर कळलेलं आहे.

तर, वेल्स.

सोमवारी सकाळी कार्डिफहून निघालो. मुलगी गाडी चालवत होती, हे पुढे, मी मागे. कुवैतमध्ये तीस वर्षं पिवळी माती आणि काच बघितलेल्या डोळ्यांना ते हिरवं पचेना. डोंगर, डोंगरावर दगडी गडगे, गडग्यांच्या आत मेंढ्या. रस्त्यावर वळणावळणाला पांढऱ्या रंगात मोठ्ठं 'अराफ' लिहिलेलं. हे म्हणाले, "अरे, हे तर अरबी वाटतंय." मुलगी हसली, म्हणाली, बाबा, वेल्श आहे, म्हणजे सावकाश. दुपारी एका दरीत जुनी दगडी धरणं बघितली. सांडव्यावरून पाणी पांढरं होऊन कोसळत होतं आणि लोक छत्र्या घेऊन त्याच्याकडे बघत सँडविच खात होते. संध्याकाळी अ‍ॅबरिस्टविथ नावाच्या समुद्रकाठच्या गावात मुक्काम केला. तिथे पडका किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी राखाडी समुद्र. वारा असा की माझा पदर ह्यांच्या चष्म्यात.

त्या संध्याकाळी लवकरच आईला फोन लावला. तिकडे तिची झोपायची वेळ होत आली होती. मशीनचा घरघर आवाज येत होता. मी मेंढ्यांचं सांगितलं.

"एवढ्या मेंढ्या? मग धनगर केवढे असतील!"

"धनगर नाहीतच गं. दिवसभरात एक दिसला नाही."

"मग राखतं कोण?"

"कुणी नाही. गडगे घातलेत."

"बरं आहे," आई म्हणाली, "मेंढ्यांना गडगे, नि माणसं मोकाट." आणि हसली, आणि हसता हसता खोकला लागला. वहिनीने फोन घेतला. मागून आईचा आवाज आला, "उद्या किल्ला सांग म्हणावं." हे माझं आईशी शेवटचं बोलणं. मला ते शेवटचं वाटलं नव्हतं. मी लगेच मुलीला म्हटलं, उद्याचा किल्ला कुठला, त्याचं सगळं नीट सांग मला.

मंगळवारी सकाळी हार्लेकला पोचलो. किल्ला काय आहे म्हणून सांगू! काळ्या खडकावर बसवलेला, चार कोपऱ्यांना चार बुरूज, आणि खाली हिरवं मैदान. मुलगी म्हणाली, हा बांधला तेव्हा समुद्र इथे खडकाच्या पायथ्याला लागायचा, जहाजं थेट खालच्या दरवाज्याशी यायची. आता समुद्र पार लांब गेलाय. मी ते मनात घोकून ठेवलं. आमच्या रत्नदुर्गाला तिन्ही बाजूंनी अजून समुद्र आहे, तेव्हा आई नक्की म्हणणार, "मग आपलाच बरा." मुलगी गोल जिन्याने बुरुजावर गेली. माझे गुडघे असल्या जिन्यांचे राहिलेले नाहीत. मी आतल्या चौकात बाकावर बसले, हेही माझ्याबरोबर बसले. ह्यांना मध्येच फोन आला, उठून चार पावलं पलीकडे गेले, बोलले, परत आले. "ऑफिसचा," म्हणाले. मी थर्मासमधला चहा ओतून दिला.

तिथून पुढे बेडगेलर्ट नावाचं गाव. नदी, दगडी पूल, खेळण्यातल्यासारखी घरं. नदीच्या काठाने कुरणातून चालत गेलं की झाडाखाली एक थडगं लागतं, छोटंसं कुंपण घातलेलं. गोष्ट अशी, की एक राजपुत्र शिकारीला गेला. परत येतो तर पाळणा उलटलेला, बाळ दिसत नाही, आणि त्याचा लाडका कुत्रा रक्ताने माखलेला समोर शेपूट हलवतोय. त्याने तलवार काढून कुत्र्याला मारलं. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडलं, आणि शेजारी मेलेला लांडगा.

अगंबाई, ही तर आपल्या मुंगुसाची गोष्ट! लहानपणी आई सांगायची ती. पाण्याचा हंडा घेऊन आलेली बाई, मुंगुसाच्या तोंडाला रक्त, आणि पाळण्याखाली साप. आई ती इतकी रंगवून सांगायची की मुंगूस मेलं की आम्ही भावंडं हुंदके देऊन रडायचो आणि ती पदराने आमची नाकं पुसायची. हे सगळं एकदम वर आलं आणि मी त्या थडग्यापाशी भोकाड पसरलं. मुलगी फोनवर काहीतरी वाचत म्हणाली, "आई, इट्स नॉट इव्हन रिअल. इथल्या एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक यावं म्हणून रचलेली स्टोरी आहे." मी म्हटलं, असू दे. मला आईला फोन लावू दे, तिला सांगते तुझं मुंगूस इथे कुत्रा होऊन आलंय.

ह्यांच्या फोनवर त्याआधी पाचच मिनिटं भावाचा मेसेज आला होता. हे म्हणाले, "इथे रेंज नाही." आणि माझा फोटो काढला.

संध्याकाळी कार्नार्व्हनला पोचलो. लॉजमध्ये वायफाय होतं. मी फोन लावला तर भावाने उचलला नाही, मेसेज टाकला, 'आई झोपली आहे'. मुलगी बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले. मी विचारलं, तर म्हणाली पोलन अ‍ॅलर्जी. मी पर्समधली गोळी काढून दिली, तिने ती माझ्यासमोर गिळली. फार्मसिस्ट पोरगी!

आई झोपलीये तर झोपू दे, म्हणून मी तिच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागले. ती उठल्यावर वहिनी ऐकवेल. हार्लेकचा समुद्र सांगितला, मुंगूस सांगितलं. बुधवारी सकाळी कार्नार्व्हनचा पाण्याला लागून असलेला राजेशाही किल्ला सांगितला, त्याच्या भिंतीत कशा रंगाच्या दगडांचे पट्टे आहेत ते सांगितलं. मग कॉन्वीला गेलो. तिथे अख्ख्या गावाला तटबंदी आहे, तिच्यावरून चालता येतं. धक्क्यावर एक लालभडक घर आहे, ब्रिटनमधलं सगळ्यांत लहान म्हणतात, आणि त्यात एक उंचच्या उंच कोळी राहायचा. मी आईला रेकॉर्ड करून सांगितलं, "आपल्या मिरकरवाड्यातलं कुणाचंही घर याच्यापुढे राजवाडा आहे गं!" आणि स्वतःच खदखदून हसले. धक्क्यावर आम्ही मासे-चिप्स खाल्ले. आइस्क्रीम खाल्लं. हे म्हणाले, अजून एक घे. एरवी माझ्या साखरेवर डोळा ठेवणारा माणूस! मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. कप्पाळ माझं.

माहेरच्या सगळ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर मी फोटो टाकत होते. किल्ला, लाल घर, आइस्क्रीम हातात घेऊन मी. एकाचंही उत्तर नाही. एरवी सकाळी फुलाचं चित्र टाकलं तरी पंचवीस जण हात जोडतात. मी गाडीत म्हटलं, "बघा कशी जळतात मेली, कुणाला बघवत नाही."  मुलीने गाडीचा वेग वाढवला.

गुरुवारी कार्डिफ, शुक्रवारी विमान, शनिवारी कुवैत. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा. टॅक्सीत ह्यांनी माझी पर्ससुद्धा स्वतःच्या मांडीवर घेतली. फ्लॅटचं दार उघडलं, तर समोरच्या घरातली शेजारीण आमच्या सोफ्यावर बसलेली. ती श्रीवर्धनची, माझ्याहून वयाने थोडी मोठी, झाडांना पाणी घालायला चावी तिच्याकडेच असते. तिचा नवराही होता, फहाहीलमधलं त्याचं दुकान सोडून भर दुपारी आलेला. टीपॉयवर थर्मास आणि कप.

"बस," हे म्हणाले. "आधी चहा घे."

मी थर्मासकडे बघितलं. शेजारणीकडे बघितलं, ती खाली गालिच्याकडे बघत होती. दोन माणसं आणून बसवलेली. चहा. तीस वर्षं हे सगळं मी ह्यांच्या तोंडून ऐकलेलं. 

"कोण?" मी म्हटलं.

"आधी दोन घोट..."

"अहो, कोण? आई की दादा?"

शेजारीण उठली आणि मला मिठी मारून रडायला लागली. "बाय गो, आई गेली तुझी," एवढंच म्हणाली. तिच्या नवऱ्याने मान खाली घातली.

"कधी?"

"मंगळवारी," हे म्हणाले.

मंगळवार. मी मनात मागे गेले, बुधवारचं आइस्क्रीम आलं, लाल घर आलं, मग कुत्रा आला. ह्यांनी खिशातून कागद काढला. "आज रात्रीचं मुंबईचं तिकीट आहे. दोघांचं. पुढे रत्नागिरीला गाडी सांगितलीये." आवाज तोच असणार, कॅम्पच्या ऑफिसातला. मी कप उचलला आणि आत जाऊन चहा सिंकमध्ये ओतला. मग बाहेर येऊन शेजारणीसमोरच ओरडले, "मला तुम्ही फिटर समजलात काय?"

हे म्हणाले, "मी त्यांच्याशी वाईट वागतो का?"

 ह्या माणसाला खरंच कळत नव्हतं. म्हणाले, "कळवलं असतं तरी तू पोचली नसतीस. त्या डोंगरातून रत्नागिरी म्हणजे दोन दिवस, आणि तुझा भाऊ ठेवणार नव्हता. मग चार दिवस तू रडणार, पोरगी रडणार. कशासाठी?" सगळं बरोबर हो. हिशोबात कुठे चूक नाही. फक्त आई माझी होती, हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मुलीला फोन केला. ती रडतच होती. "बाबा सेड यू विल कोलॅप्स," म्हणाली. "मी म्हटलं होतं त्यांना सांगूया म्हणून. ही सेड, ट्रस्ट मी, आय डू धिस फॉर अ लिव्हिंग." मी तिला म्हटलं, "मला कोसळायचं होतं गं. आई गेल्यावर मुलगी कोसळते, त्यात बिघडलं काय? तुम्ही कोण थांबवणारे?" ती "सॉरी" म्हणत राहिली आणि मी फोन ठेवला.

रत्नागिरीला पोचले म्हणजे वरातीमागून घोडं. आई जाळून झाली होती, अस्थी समुद्रात सोडून झाल्या होत्या, खाट उचलून झाली होती. ऑक्सिजनचं मशीनही ज्याचं त्याला परत गेलं होतं. दारातच मावशी, आईची धाकटी बहीण. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आलीस फिरून?"

मला आधी काही समजेना. मग लक्षात आलं. ग्रुपवरच्या सगळ्यांना मंगळवारीच कळलं होतं, फक्त त्यासाठी मला वगळून दुसरा ग्रुप केला होता. आणि इकडे मी टाकतेय आइस्क्रीमचे फोटो. निम्म्यांना वाटलं, हिला माहीत असूनही हिची मजा चाललीये. ज्यांना खरं माहीत होतं त्यांनी बाकीच्यांना सांगायची तसदी घेतली नाही. मी मावशीला म्हटलं, मला माहीत नव्हतं गं. ती म्हणाली, "हो, असेल." तिचं ते 'असेल' अजून माझ्या पाठीत आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

भटजींना विचारलं, मी सुतक कसं धरू? ते म्हणाले, लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं तीन दिवस, ते तर केव्हाच सरलं. आता नुसती डोक्यावरून आंघोळ करा. म्हणजे माझं सुतक त्या तटबंदीवर, त्या धक्क्यावर, मासे खाता खाता होऊन गेलं होतं. न्हाणीघरात जाऊन मी बादलीभर पाणी ओतून घेतलं आणि भिंतीला डोकं टेकून रडले. बाहेर भाऊ दार वाजवत होता, "ताई, बरी आहेस ना?" मी म्हटलं, "तू चालता हो इथून." माझ्या भावाला मी आयुष्यात पहिल्यांदा असं बोलले. तो थोरला असूनही मला ताई म्हणतो.

वहिनी बिचारी गरीब. ती माझ्याजवळ बसून असायची. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, तुमचे मेसेज येत होते हो आईंच्या फोनवर. घरात माणसं बसलेली, दिवा लावलेला, नि फोन वाजायचा. मला तो बंद करायला होईना. मी आतल्या खोलीत नेऊन ऐकायची. ते लाल घराचं ऐकून मला हसू आलं नि मग इतकं वाईट वाटलं." मी तिच्या हातावर हात ठेवला. त्या घरात माझ्यासाठी एवढं तरी कुणाला वाटलं होतं.

मग ती म्हणाली, "आणि त्या दिवशी आईंचं नि तुमचं बोलणं व्हायला हवं होतं. फोन लागला होता, पण तुम्ही नेमक्या वर गेलेल्या."

"कुठे वर?"

"किल्ल्यावर. मंगळवारी दुपारी हो. त्यांना जरा हुशारी वाटत होती, मला म्हणाल्या, तिला फोन लाव. तुमचा लागेना म्हणून भावोजींना लावला. आईच बोलल्या त्यांच्याशी. तुम्ही बुरुजावर चढला होतात ना?"

मी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "हो," म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. तिच्यासमोर ह्यांची अब्रू राखली असेन. इतक्या वर्षांची खोड, ती अशी कुठे जाते.

तेराव्यानंतर कुवैतला परत आलो. मी ह्यांना लगेच विचारलं नाही. धीरच होईना. शाळा सुरू व्हायला अवकाश होता. ऊन असं की खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दही आणायचं तरी अंगावर काटा यायचा. दिवसभर पडदे ओढून, एसी लावून आम्ही दोघं घरात. हे टीव्ही बघायचे, मी पलंगावर पडून असायचे. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी ह्यांनी स्वतः पापलेटं आणली, साफ करून घेतली, म्हणाले, "आज तू नीट जेव." मी तळली, वाढली. हे जेवत होते. मी समोर बसले आणि विचारलं.

"हार्लेकला फोन आला होता तो आईचा होता ना?"

ह्यांचा घास हातातच राहिला. नाही म्हणता आलं असतं, पण म्हणाले नाहीत. तेवढं मी ह्यांच्या पदरात घालते.

"हो."

"काय म्हणाली?"

"विशेष काही नाही. तू आहेस का, विचारलं."

"मग?"

"त्यांचा आवाज मला बरा वाटला नाही. दम फार लागत होता. तू ऐकलं असतंस तर तिथेच गाडी फिरवायला लावली असतीस. म्हणून मी म्हटलं, ती वर गेलीये. अर्ध्या तासाने खाली येईल, मग लावतो."

एसीचा आवाज येत होता. बाहेर कुठल्यातरी मशिदीतली दुपारची नमाज सुटली असावी, गाड्यांचे हॉर्न चालू झाले होते.

"आणि ती काय म्हणाली?"

हे ताटाकडे बघत होते. "म्हणाल्या, घाई नको करू म्हणावं, सावकाश उतरू दे. मी जागी राहते."

"लावलात?"

हे उठून हात धुवायला गेले, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. आई जागी राहिली असेल. फोन उशीशेजारी घेऊन, मशीनची घरघर ऐकत, मी जिन्याने उतरते आहे असं समजून. आणि मी ह्यांच्याच शेजारी बाकावर बसले होते, हातभर अंतरावर, आणि आईला काय काय सांगायचं ते मनातल्या मनात पाठ करत होते.